रुग्णस्थितीचा थेट फलक

दाखल रुग्णांची नाडी, श्वास, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन, ताप आणि शुद्धीची पातळी यांच्या नोंदी जशा होतील तशा एका पडद्यावर दाखवणारी व्यवस्था. हा पडदा नर्सिंग स्टेशनवर, डॉक्टरांच्या फोनवर किंवा दूरच्या नियंत्रण कक्षात असतो. आयसीयूत खाटेशेजारी असलेला मॉनिटर एकाच रुग्णाची स्थिती दाखवतो. फलकावर सगळा वॉर्ड एकत्र दिसतो, आणि आधी कोणत्या खाटेकडे धावायचे ते कळते.

त्याची सर्वांत जास्त गरज जनरल वॉर्डात असते. तिथे सिस्टर ठरावीक वेळाने फेरी मारून टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांचा तक्ता) भरतात. रुग्ण ‘अचानक’ कोसळला असे घरच्यांना वाटते. पण पुष्कळदा काही तास आधीपासूनच श्वास आणि नाडी वाढत गेलेली असते. आकडे चार्टवर लिहिलेले असतात, ते एकत्र वाचायचे राहून गेलेले असते.

ते एकत्र वाचण्याची रीत इंग्लंडमध्ये घडली. ग्रेट यारमथ येथील जेम्स पेजेट रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९७ मध्ये पूर्वसूचना गुणांकाची कल्पना मांडली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये देशभरासाठी एकच गुणांक ठरवला. तो ‘न्यूज’ (नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर) या नावाने ओळखला जातो. त्याची सुधारित आवृत्ती २०१७ मध्ये आली. वर सांगितलेल्या सहा नोंदी आणि रुग्णाला बाहेरून ऑक्सिजन लावला आहे का ही सातवी बाब, यांना गुण दिले जातात. शरीर नेहमीच्या स्थितीपासून जितके ढळलेले, तितके गुण जास्त.

समजा, ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एका रुग्णाचा श्वास मिनिटाला २२ आहे (२ गुण), सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजन, ९४ टक्के (१), वरचा रक्तदाब १०४ (१), नाडी ११२ (२), ताप ३८.३ सेल्सिअस, म्हणजे १०१ फॅरनहाइटच्या आसपास (१). ऑक्सिजन लावलेला नाही, रुग्ण शुद्धीत आहे, बोलतो आहे. यातला एकही आकडा सुटा पाहिला तर कोणी घाबरणार नाही. बेरीज मात्र ७ होते, आणि ७ म्हणजे तातडीने अतिदक्षतेची जाण असलेल्या डॉक्टरांना बोलवा, देखरेख अखंड ठेवा. फलकावर ही खाट लाल दिसते. पाच गुण झाले तरी डॉक्टरांनी लवकर येऊन पाहायचे असते.

गुण कागदावरही मांडता येतात, पण बेरीज चुकते आणि चार्ट खाटेपाशीच राहतो. पोर्ट्समथ आणि कॉव्हेंट्री येथील दोन मोठ्या रुग्णालयांत परिचारिका खाटेजवळच हातातल्या उपकरणावर नोंदी करू लागल्या. मृत्युदर पोर्ट्समथमध्ये ७.७५ वरून ६.४२ टक्क्यांवर, तर कॉव्हेंट्रीत ७.५७ वरून ६.१५ टक्क्यांवर आला. ही आधीची आणि नंतरची तुलना आहे, त्यामुळे सगळे श्रेय उपकरणाला देता येत नाही. तरी दोन्ही ठिकाणी घट झाली, हे महत्त्वाचे.

फलक किती ताजा, हे खाटेजवळच्या नोंदीवर ठरते. आधी वहीत लिहायचे आणि ड्यूटी संपताना संगणकावर चढवायचे, अशी दुहेरी नोंद असेल तर पडद्यावर दिसते ती काही तासांपूर्वीची स्थिती. मोठ्या वॉर्डाला एकदोनच सिस्टर असतील तर दुसरे होणेही अवघडच. त्यामुळे पडदे घेण्याआधी मनुष्यबळाचा विचार व्हायला हवा. श्वासाचे मोजमाप तर सर्वांत दुर्लक्षित. छातीकडे पूर्ण मिनिटभर पाहून ते करावे लागते. घाईत सगळ्या वॉर्डाचा श्वास १८ किंवा २० असा लिहिला जातो, आणि धोक्याची पहिली खूण तिथेच पुसली जाते.

यंत्रेही चुकतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या-काळ्या त्वचेवर सॅच्युरेशन खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतील अभ्यासातून ठळकपणे पुढे आले. दुसरा प्रश्न अलार्मचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात आयसीयूच्या ७७ खाटांवर ३१ दिवसांत २५ लाखांहून अधिक इशारे नोंदले गेले. ऐकू येणारे अलार्म खाटेमागे दिवसाला १८७. इतक्या आवाजात खरा अलार्मही कानाआड होतो, हा माणसाच्या कानाचा धर्म आहे. त्याचा दोष सिस्टरवर टाकणे अन्यायाचे आहे. अलार्मच्या मर्यादा रुग्णागणिक ठरवणे आणि ईसीजीच्या चिकटपट्ट्या वेळेवर बदलणे, याने बराच फरक पडतो.

फलकाचा वापर खाटांच्या व्यवस्थापनासाठीही होतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने २०१६ मध्ये असा नियंत्रण कक्ष सुरू केला. मुंबईत कोविडच्या काळात, २०२० मध्ये, महापालिकेच्या २४ विभागांत वॉर्ड वॉर रूम उभ्या राहिल्या आणि रिकाम्या खाटांच्या डॅशबोर्डवर पाहून रुग्णांना खाटा दिल्या गेल्या. तिथेही तोच नियम होता: रुग्णालयाने खाट भरल्याची नोंद उशिरा केली, की पडद्यावर रिकामी दिसणारी खाट प्रत्यक्षात मिळत नसे.

पडदा कुठे लावायचा, हेही ठरवावे लागते. भेटीला येणाऱ्यांच्या वाटेवर तो असेल तर नाव आणि आजार दिसू नये. खाट क्रमांक, रंग आणि गुण एवढे कर्मचाऱ्यांना पुरते.