दिल्लीहून आग्रा, एका दिवसात: निघण्याआधी एवढं वाचा

आग्र्याची सहल आमच्याकडून ठरवलीत, आभार. तिकिटासोबत हे पत्रक मुद्दाम देतो आहोत, कारण फोनवर तेच ते प्रश्न येतात आणि ताजच्या दारात तोच तो घोळ होतो. पीएनआर म्हणजे काय किंवा डबा कसा शोधायचा हे तुम्हाला शिकवायला नको. पुण्याहून झेलमने किंवा मुंबईहून पंजाब मेलने इथवर आलेली मंडळी तुम्ही. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो.

आधी पिशवी

ताजमहालच्या दारात विमानतळासारखी तपासणी असते. केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान बायका-पुरुषांच्या वेगळ्या रांगा लावतात, अंगाची झडती होते, पिशवी यंत्रातून जाते. आत खाण्याचा कुठलाही पदार्थ चालत नाही. कुठलाही म्हणजे चिवडा, दशम्या, शेंगदाण्याचा लाडू, प्रवासात मळमळू नये म्हणून ठेवलेली आवळा सुपारी, नातवाच्या खिशातलं चॉकलेट, सगळं. तंबाखू, चुना, मिश्री, काडेपेटी, लायटर चालत नाही. मोबाइलचा चार्जर, वायर, हेडफोन, फोटोसाठीचा ट्रायपॉड चालत नाही. चाकू तर नाहीच, आणि आजोबांच्या पानाच्या चंचीतला अडकित्तासुद्धा त्यातच मोजला जातो.

यातलं काही सापडलं की जवान शांतपणे एवढंच सांगतो, ‘लॉकरमध्ये ठेवून या.’ लॉकर पूर्व आणि पश्चिम दाराजवळ आहेत. म्हणजे रांगेतून बाहेर पडा, लॉकर शोधा, सामान ठेवा, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहा. अर्धा तास सहज जातो, रविवारी पाऊण. आणि जातो तो एकट्याचा नाही. काकू आत गेलेल्या असतात, काका बाहेर, एकाचा फोन दुसऱ्याकडे, आणि सगळा गट लाल दगडाच्या दरवाज्याशी एकमेकांची वाट बघत उभा. ताजचं तिकीट तीन तासांचं असतं, हेही लक्षात घ्या. हा वेळ शेवटी कशातून कापला जातो? आग्र्याच्या किल्ल्यातून. संध्याकाळी तीच माणसं आम्हाला म्हणतात, ‘किल्ला फार घाईत दाखवलात हो.’

म्हणून आमचा आग्रह एकच: पिशवी आणि डबा गाडीत ठेवा आणि मोकळ्या हातांनी चला. आमची गाडी दिवसभर तुमच्यासोबत असते, चालक गाडी सोडून जात नाही आणि तुमचा डबा दुपारी जसाच्या तसा मिळतो. स्टेशनवरून मिळेल ती रिक्षा करून जाणाऱ्यांना ही सोय नसते, आणि आमच्या दरात जो थोडा फरक दिसतो तो बराचसा यापायी आहे. सोबत घ्यायचं ते एवढंच: फोन, पैशाचं पाकीट, मूळ ओळखपत्र, पाण्याची बाटली, टोपी किंवा ओढणी, आणि औषध घेण्याची वेळ होणार असेल तर तेवढ्या गोळ्या. पर्स असेल तर छोटी. जाड पुस्तकंसुद्धा नकोत, त्यानेही तपासणी लांबते.

पेट्रोल-डिझेलच्या गाड्या ताजच्या अगदी दारापर्यंत जात नाहीत, हे प्रदूषणासाठी केलेलं बंधन आहे. वाहनतळापासून बॅटरीवरची गाडी मिळते किंवा चालत जायचं. ‘चालकाने लांब का उतरवलं’ ही तक्रार त्यामुळे करू नका, त्याच्या हातात काही नसतं. दक्षिणेच्या दारातून आत सोडत नाहीत, तिथून फक्त बाहेर पडता येतं. कुणी ‘इकडून शॉर्टकट आहे’ म्हणालं तर हसून पुढे चला.

जाताना एक स्टेशन, येताना दुसरं का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. आम्ही शक्यतो जाताना भोपाळकडची शताब्दी देतो. ती नवी दिल्ली स्टेशनवरून सकाळी ६ वाजता सुटते आणि आठच्या आत आग्रा कँटला पोचवते. येताना गतिमान एक्सप्रेस देतो. ती आग्रा कँटहून संध्याकाळी ५.५० ला निघते आणि साडेसातला हजरत निजामुद्दीनला येते. गतिमान २०१६ साली सुरू झाली तेव्हा १६० किलोमीटरचा वेग गाठणारी ती देशातली पहिली गाडी होती. १८८ किलोमीटर शंभर मिनिटांत. पण ती नवी दिल्लीला जात नाही, निजामुद्दीनलाच संपते.

‘मग दोन्ही वेळा गतिमानच द्या ना, सकाळी सव्वाआठला आरामात निघू.’ देऊ शकतो, मागाल तर देतोही. मात्र ती दहाच्या सुमारास आग्र्याला पोचते, ताजच्या दारात जाईपर्यंत साडेदहा-अकरा वाजतात, आणि एप्रिल-मेमध्ये त्या वेळी संगमरवराचा चौथरा तापलेला असतो. शताब्दीने गेलात तर साडेआठला रांगेत असता. पहाटे साडेचारला उठायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण दुपारी किल्ल्याच्या सावलीत बसल्यावर त्याबद्दल कुणी बोलत नाही.

डिसेंबर-जानेवारीत मात्र आम्हीच दोन्ही वेळा गतिमान सुचवतो. दिल्ली-आग्र्याकडचं धुकं महाराष्ट्रातल्या माणसाला सांगून कळत नाही. पहाटेच्या गाड्या रखडतात, आणि वेळेवर पोचलात तरी आठ-साडेआठला समोर ताज आहे हे विश्वासावर मानावं लागतं.

स्वतः तिकीट काढणाऱ्यांनी एक बघावं. पहाडगंजात उतरलेली मंडळी गतिमानचं तिकीट हातात घेऊन नवी दिल्ली स्टेशनवर जातात, स्टेशन अगदी समोर असतं ना. निजामुद्दीन तिथून बरंच लांब आहे. शिवाय रिक्षावाल्याला नुसतं ‘निजामुद्दीन’ सांगितलं तर तो दर्ग्याकडे नेऊ शकतो. ‘निजामुद्दीन रेल्वे स्टेशन’ असं पूर्ण सांगा. आमच्याकडून ठरवलेल्यांना सकाळी हॉटेलवरून नेतो आणि संध्याकाळी निजामुद्दीनहून परत सोडतो, त्यामुळे तुम्हाला यात डोकं घालावं लागत नाही. गाड्यांच्या वेळा रेल्वे बदलत असते, तेव्हा या पत्रकात काहीही लिहिलेलं असो, तिकिटावरची वेळ खरी मानायची.

शुक्रवार

शुक्रवारी ताज बंद असतो. गतिमानही शुक्रवारी धावत नाही. तरीही ‘आमचा शुक्रवारच मोकळा आहे’ असा फोन येतोच. त्यांच्यासाठी आम्ही वेगळा दिवस आखतो: किल्ला, यमुनेपलीकडचा इतिमादुद्दौलाचा मकबरा, सिकंदऱ्याला अकबराची कबर, आणि शेवटी मेहताब बाग, जिथून नदीपलीकडे ताजची मागची बाजू दिसते. इतिमादुद्दौला ताजच्या आधीचा, नूरजहानने वडिलांसाठी बांधलेला. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड बसवण्याचं जे काम ताजवर बघून लोक चकित होतात ते इथे हात लावण्याइतक्या जवळून बघता येतं, आणि गर्दी फारशी नसते. (हात लावू मात्र नका.) खरं सांगायचं तर आमच्या घरच्यांना हीच सहल जास्त आवडते.

‘त्यातच फतेहपूर सिक्री करून द्या ना’

नाही. सिक्री आग्र्यापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. जाणं-येणं आणि तिथलं फिरणं धरून निदान चार तास हवेत. करून देणारे आहेत, आम्हाला माहीत आहे. ते किल्ला बाहेरून दाखवतात. मथुरा-वृंदावनाचंही तसंच, दुपारी देवळं बंद असतात आणि तुम्ही नेमके दुपारी पोचता. सिक्री किंवा मथुरा पाहायचंच असेल तर आग्र्यात एक रात्र राहा. त्याचीही सोय आमच्याकडे आहे, वेगळ्या दरात. पण एका दिवसाच्या तिकिटावर चार गावांची नावं छापून देणं आम्हाला जमत नाही.

वर कबरीपर्यंत जावं का?

ताजचं भारतीयांसाठीचं साधं तिकीट ५० रुपयांचं. मुख्य घुमटात जायचं असेल तर आणखी २०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आम्ही तिकिटं आधीच ऑनलाइन काढतो, म्हणून वर जायचं की नाही हे आदल्या दिवशीच कळवा.

गुडघ्यांचा त्रास असेल तर पायऱ्यांचा विचार करा. बागेतून आणि कडेच्या मशिदीच्या बाजूने ताज तेवढाच छान दिसतो. आत ज्या दोन कबरी दिसतात त्या वरच्या, दाखवण्याच्या आहेत. खऱ्या त्यांच्या खाली तळघरात आहेत आणि एरवी बंद असतात. पण आतली संगमरवराची जाळी बघण्यासारखी आहे, आणि एक गंमतही: सगळ्या ताजमध्ये डावं-उजवं मोजून सारखं केलंय, फक्त शहाजहानची कबर एका बाजूला सरकलेली आहे, कारण मधोमध मुमताजची आहे आणि तो नंतर आला. आत फोटो काढायला मनाई आहे.

खानदेशातल्या मंडळींसाठी थोडं जास्त. मुमताज गेली ती बुऱ्हाणपूरला, १६३१ साली. तिला आधी तिथेच तापीकाठी पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला आणलं. तुमची झेलम किंवा पंजाब मेल भुसावळनंतर त्याच बुऱ्हाणपूरवरून येते.

किल्ला, आणि महाराजांबद्दल

मराठी प्रवाशाला आग्र्याचा किल्ला दाखवताना आम्ही किमान दोन तास ठेवतो, आणि हे ताजच्या वेळेइतकंच महत्त्वाचं मानतो. अकबराने १५६५ मध्ये हा लाल दगडाचा किल्ला बांधायला घेतला. पुढे शहाजहानने आत संगमरवरी महाल उभे केले, आणि १६५८ पासून औरंगजेबाने त्याला इथेच कैदेत ठेवलं. मुसम्मन बुर्जातून ताज दिसतो. तिथेच जानेवारी १६६६ मध्ये तो वारला.

त्याच वर्षी मे महिन्यात शिवाजी महाराज आग्र्याला आले. १२ मे १६६६ चा औरंगजेबाचा दरबार याच किल्ल्यात भरला होता. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं, ते संतापून बाहेर पडले, पुढे नजरकैद, आणि १७ ऑगस्टला सुटका. ‘महाराजांना कोंडलं ती खोली दाखवा’ असं जवळजवळ प्रत्येक गटातलं कुणीतरी म्हणतंच. ती किल्ल्यात नव्हती. महाराजांचा मुक्काम मिर्झा राजा जयसिंगाचा मुलगा रामसिंग याच्या निवासाजवळ होता आणि त्याभोवती शहर कोतवाल फौलादखानाचा पहारा होता. ती जागा नेमकी कुठली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आग्र्यात स्मारक उभारायचं महाराष्ट्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. तोवर किल्ल्यातलं एखादं अंधारं दालन दाखवून कुणी ‘यही है’ म्हणाला तर त्याला पैसे देऊ नका. आमचे वाटाडे सरकारी परवान्याचे आहेत आणि असलं काही सांगत नाहीत, हे आम्ही खात्रीने म्हणू शकतो. महाराजांचा अश्वारूढ पुतळा किल्ल्याच्या अमरसिंग दरवाज्यासमोर आहे, तिथे फोटोसाठी थांबतोच.

किल्ल्याचा मोठा भाग लष्कराकडे असल्यामुळे सगळीकडे फिरता येत नाही. आणि हा किल्ला मराठ्यांकडेही होता, हे फार जणांना माहीत नसतं. महादजी शिंद्यांनी घेतल्यावर १८०३ मध्ये इंग्रजांनी जिंकेपर्यंत तो शिंद्यांकडे राहिला. शेवटच्या काळात तिथे जॉन हेसिंग नावाचा डच सेनाधिकारी शिंद्यांच्या वतीने होता. तो त्याच वर्षी वारला आणि त्याच्या बायकोने त्याच्यासाठी ताजच्या धर्तीवर लाल दगडाची छोटी समाधी बांधली. ती रोमन कॅथलिक दफनभूमीत आहे. नेहमीच्या सहलीत ती नसते. ज्यांना इतिहासाची आवड आहे आणि ज्यांनी पिशवीत वेळ घालवलेला नाही, त्यांना वाटेत नेतो.

जेवण, पेठा, दुकानं

जेवण दुपारी एकच्या सुमारास, साध्या शाकाहारी ठिकाणी. तुमचा डबा असेल तर गाडीजवळ निवांत खा, कुणाला वाईट वाटणार नाही. पेठा हवाच असतो, तर शेवटी घ्या, स्टेशनवर जाताना. एकाच नावाच्या पाट्या जागोजागी दिसतात, तेव्हा नाव न बघता चाखून घ्या. कोरडा पेठा पुण्या-मुंबईपर्यंत टिकतो, रसाचा अंगूरी पेठा पिशवीत गळतो.

संगमरवराच्या ‘कारखान्यात’ आम्ही नेत नाही. तिथे प्रवासी नेल्याबद्दल दलाली मिळते आणि त्यामुळे काही ठिकाणी सहलीचा दर कमी दिसतो. तुम्हाला खरेदी करायची असेल तर सांगा, थांबू. पण तुम्ही सांगितल्याशिवाय गाडी थांबणार नाही.

पुण्या-मुंबईहून येताना आग्र्यालाच उतरलो तर?

चांगला विचार आहे, आणि त्यात आमचं नुकसान असलं तरी सांगतो. झेलम आणि पंजाब मेल दोन्ही आग्रा कँटला थांबतात, पण संध्याकाळच्या सुमारास, म्हणजे रात्री आग्र्यात राहावं लागतं. दुसऱ्या दिवशी फिरताना सगळं सामान सोबत असेल तर ते स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. बॅगांना कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत. तिथून गाडी आणि वाटाड्या आम्ही देऊ शकतो आणि संध्याकाळी गतिमानने दिल्लीला पाठवू शकतो.

आम्हाला काय पाठवायचं

प्रत्येकाचं नाव ओळखपत्रावर आहे तसं, वय, आणि ताजच्या घुमटाचं तिकीट हवं की नको. आरक्षण प्रवासाच्या साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत शताब्दी लवकर भरते, म्हणून तारीख पक्की झाली की त्याच दिवशी कळवा. तत्काळमध्ये एसीचं तिकीट आदल्या दिवशी सकाळी दहाला काढावं लागतं आणि ते मिळेलच असं आम्ही कुणाला सांगत नाही. मूळ ओळखपत्र प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवायचं, सगळ्यांची मिळून एका पिशवीत नकोत. ती पिशवी गाडीत राहणार आहे.