"हे बापा, त्यांना क्षमा कर": कंसात पडलेल्या उद्गाराची पार्श्वभूमी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला की येशूने वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर प्रवचनं, व्हिडिओ, लेख सगळीकडे फिरायला लागतात, आणि मग कुणीतरी विचारतंच की पहिला उद्गार काही बायबलमध्ये कंसात का टाकलाय, किंवा खाली "काही जुन्या प्रतींमध्ये हे वाक्य नाही" अशी टीप का दिलीय. उत्तर सहसा एका ओळीत मिळतं, ते म्हणजे हस्तलिखितांमध्ये फरक आहेत, बस. पण त्या कंसामागे बरंच काही घडलंय, आणि आपण गुड फ्रायडेला या उद्गाराचा जो अर्थ लावतो तो त्यातूनच घडत आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सात या आकड्याबद्दल थोडंसं. बायबलमधली येशूची चार चरित्रं म्हणजे शुभवर्तमानं, त्यांतलं सात उद्गार एका जागी देणारं एकही नाही. मार्क आणि मत्तय यांच्याकडे एकच आहे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", लूककडे तीन, योहानकडे तीन, आणि या याद्या एकमेकांत मिसळत नाहीत. मार्कचा येशू २२व्या स्तोत्रातली आरोळी मारून प्राण सोडतो, लूकचा येशू ३१व्या स्तोत्रातल्या शब्दांनी आत्मा बापाच्या हाती सोपवतो, आणि योहानचा "पूर्ण झाले आहे" म्हणतो. एकाच मरणाचे हे तीन वेगळे आवाज आहेत. ते एकत्र गुंफायचं काम हळूहळू झालं. दुसऱ्या शतकात चार शुभवर्तमानांची मिळून एक सलग कथा रचली गेली आणि सिरियातल्या मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) ती कित्येक पिढ्या वाचली गेली, पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधल्या एका मठाधिपतीने सातही उद्गारांवर वेगळा ग्रंथ लिहिला, आणि १६१८ साली एका कार्डिनलचं याच विषयावरचं पुस्तक निघालं जे युरोपभर वाचलं गेलं. तोपर्यंत क्रम पक्का बसला होता, क्षमा सगळ्यात आधी आणि आत्मा सोपवणं शेवटी.

वधस्तंभावरच्या या शब्दांची अडचण लोकांना फार आधीपासून वाटत होती हे मात्र विसरू नका. केंब्रिजला ठेवलेली पाचव्या शतकाच्या आसपासची एक ग्रीक-लॅटिन प्रत आहे, बेझा कोडेक्स म्हणतात तिला (कोडेक्स म्हणजे पुस्तकासारखं बांधलेलं जुनं हस्तलिखित). तिच्यात मार्कमधल्या आरोळीतला "त्याग का केलास" बदलून "माझी निंदा का केलीस" असं केलंय. देवाने आपल्या पुत्राला टाकलं हे लिहिताना कुणाचा तरी हात अडखळला असणार. १८८०च्या दशकात इजिप्तमध्ये अखमीमला सापडलेल्या पेत्राच्या नावावरच्या शुभवर्तमानात तर "माझ्या सामर्थ्या, तू मला सोडलंस" असं आहे. म्हणजे मरणाऱ्या तारणाऱ्याच्या तोंडचे शब्दसुद्धा हस्तलिखितांची नक्कल करणाऱ्यांनी हात न लावता पुढे दिले असं समजायचं कारण नाही, आणि हे क्षमेच्या ओळीबाबत फार महत्त्वाचं आहे.

आता मूळ मुद्दा. लूक २३:३४चा पहिला अर्धा भाग, "हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही", हा व्हॅटिकन लायब्ररीतल्या चौथ्या शतकाच्या प्रसिद्ध प्रतीत नाही. बेझामध्ये मूळ लिखाणात नाही, नंतर कुणीतरी घातलाय. जुन्या सिरियाक आणि कॉप्टिक भाषांतरांच्या काही प्रतींत नाही. आणि १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या पी-७५ या पपायरसमध्येही (वनस्पतीपासून केलेल्या कागदावरच्या प्रतीत) नाही, जो तेव्हा साधारण इ.स. २००च्या आसपासचा धरला गेला (अलीकडे काही संशोधक तो चौथ्या शतकापर्यंत ओढतात). उलट बाजूला अलेक्झांड्रियन कोडेक्स आहे, पुढच्या काळातल्या बहुसंख्य ग्रीक प्रती आहेत, व्हल्गेट हे लॅटिन बायबल आहे, आणि ल्योंचा बिशप इरेनियस आहे ज्याने इ.स. १८०च्या सुमारास ही प्रार्थना येशूचीच म्हणून उद्धृत केलीय. त्याच शतकातल्या एका लेखकाने प्रभूचा भाऊ याकोब याच्या मरणाची हकिकत लिहिली, त्यातही याकोब दगडमार सोसताना जवळजवळ हेच शब्द बोलतो. म्हणजे दुसऱ्या शतकात ही ओळ लोकांच्या तोंडी होती याबद्दल वाद नाही, वाद आहे तो लूकने ती लिहिली होती का एवढाच.

सगळ्यात बोलकी प्रत सिनाय कोडेक्स, जी १९३३ साली सोव्हिएत सरकारकडून एक लाख पौंडाला विकत घेऊन लंडनला आणली गेली. तिच्यात मूळ लेखनिकाने ओळ लिहिलीय. मग पहिल्या दुरुस्ती करणाऱ्याने तिच्यावर वगळायच्या खुणा केल्या. त्यानंतरच्या दुरुस्ती करणाऱ्याने त्या खुणा रद्द करून ओळ परत जागेवर आणली. एकाच पानावर, एकाच ओळीवर तीन हात आणि तीन निर्णय. चौथ्या शतकापासून पुढचा सगळा झगडा त्या चामड्याच्या पानावर डोळ्यांनी बघता येतो, मला तरी या विषयात याहून मोठा पुरावा ठाऊक नाही.

का वगळली असेल? किंवा का घातली असेल? घातली म्हणणारे लूकच्याच दुसऱ्या पुस्तकाकडे, प्रेषितांची कृत्ये ७:६० कडे, बोट दाखवतात. येशूचा अनुयायी स्तेफन मरताना "प्रभू, हे पाप त्यांच्याकडे मोजू नकोस" म्हणतो, मग शिष्याने क्षमा केली आणि गुरूने केली नाही हे बरं दिसेना म्हणून कुणी भाविकाने येशूच्या तोंडी तशीच प्रार्थना घातली असा तर्क. पण घालणाऱ्याला जुळवाजुळव करायची असती तर शब्द तरी सारखे घेतले असते ना, इथे दोन्हीकडे शब्द वेगळे आहेत. शिवाय "त्यांना समजत नाही" ही लूकची स्वतःची लकब आहे, त्याच कृत्यांच्या पुस्तकात ३:१७ मध्ये पेत्र यरुशलेमच्या लोकांना म्हणतो की तुम्ही हे अजाणतेपणी केलंत, आणि १३:२७ मध्ये पौल तेच सांगतो. लूकच्या विचारात चपखल बसणारी ओळ, लूकच्या पुस्तकात, आणि ती दुसऱ्याच कुणी आणून ठेवली हे मला पटायला जड जातं.

वगळली म्हणणाऱ्यांचं कारण जास्त कडू आहे. "त्यांना" म्हणजे कुणाला? मजकूर सरळ वाचला तर आधीच्या वचनात खिळणारे आणि पुढच्याच वाक्यात कपड्यांवर चिठ्ठ्या टाकणारे, म्हणजे रोमी शिपाई. पण दुसऱ्या-तिसऱ्या शतकातल्या मंडळीत "त्यांना" म्हणजे यहुदी असंच बरेचजण वाचत होते. आणि इ.स. ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर जळलं तेव्हा ख्रिस्ती लेखकांनी ती देवाची शिक्षा म्हणून मांडली. मग पंचाईत अशी की येशूने क्षमा मागितली आणि बापाने ऐकलं नाही का? यावर काही जुन्या भाष्यकारांनी तोडगा काढला की प्रार्थना ऐकली गेली, म्हणूनच तर चाळीसेक वर्षांची मुदत मिळाली आणि हजारो यहुद्यांनी विश्वास ठेवला. नक्कल करणाऱ्या काही लेखनिकांनी मात्र ती ओळच गाळून प्रश्न मिटवला असावा. हे सिद्ध करता येत नाही, पण बेझाचा लेखनिक इतर ठिकाणीही यहुद्यांविरुद्ध कल दाखवतो असं अनेक अभ्यासकांनी दाखवून दिलंय, आणि त्याच प्रतीत ही ओळ नसणं हा मला योगायोग वाटत नाही.

युरोपात हजारेक वर्षं हा प्रश्नच नव्हता कारण लॅटिन बायबलमध्ये ओळ होती. आपल्याकडेही तेच. १६१६ साली गोव्यात ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य छापलं गेलं आणि ख्रिस्ताचं दुःखसहन ओवीत आलं ते लॅटिन परंपरेतूनच, आणि १८११ला सेरामपूरहून मराठी नवा करार निघाला तो त्या काळच्या छापील ग्रीक पाठावरून, ज्यात ही ओळ बिनदिक्कत होती. कंस आला तो १८८१ साली. इंग्लंडमधल्या दोन विद्वानांनी नव्या कराराचा ग्रीक पाठ सिद्ध केला आणि ही ओळ दुहेरी चौकोनी कंसात टाकली, कारण व्हॅटिकन प्रतीवर त्यांचा फार भर होता. तरीही त्यांनी टिपेत म्हटलंच की हे शब्द लूकचे नसले तरी त्यांच्या खरेपणाची साक्ष त्या शब्दांतूनच मिळते. विसाव्या शतकात बायबल सोसायट्यांसाठी बसलेल्या कमिटीने तोच निर्णय पुढे चालवला, मूळ लूकमध्ये बहुधा नव्हतं पण प्रभूचेच शब्द वाटतात, म्हणून जागेवर ठेवा पण दुहेरी कंसात ठेवा. आज जगभरच्या भाषांतर करणाऱ्यांच्या टेबलावर हाच ग्रीक पाठ असतो, तिथून तळटिपा आल्या.

हा निर्णय मला कधीच नीट पटलेला नाही. पी-७५ आणि व्हॅटिकन प्रत या एकाच घराण्यातल्या आहेत, त्यांचा पाठ इतका जुळतो की त्यांना दोन स्वतंत्र साक्षीदार म्हणणं कठीण. हे मान्य की सिरियाक आणि बेझा वेगळ्या वळणाचे आहेत आणि त्यांच्यातही ओळ नाही, त्यामुळे कंसवाल्यांची बाजू पोकळ नाही. पण इरेनियसचा पुरावा या सगळ्या हस्तलिखितांच्या आधीचा आहे आणि तो कंसाच्या हिशोबात कमी पडतो असं राहून राहून वाटतं. अलीकडच्या काळात बरेच अभ्यासक ओळ मूळची मानायला लागलेत, कंस मात्र अजून हललेला नाही.

इकडे भक्तीच्या बाजूने गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली. पेरूमध्ये लिमा शहरात सतराव्या शतकाच्या शेवटी जेझुइट या कॅथलिक संघाच्या एका धर्मगुरूने गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन अशी सात उद्गारांवरची भक्ती सुरू केली, १६८७च्या भूकंपाची आठवण ताजी असतानाच्या काळात. ती स्पेनमध्ये आली, अठराव्या शतकाच्या शेवटी रोममध्ये गेली. स्पेनमधल्या काडिझच्या चर्चने तर या भक्तीसाठी हायडन या संगीतकाराकडून संगीत मागवलं. त्यानेच नंतर लिहून ठेवलंय की चर्चच्या भिंती, खिडक्या, खांब काळ्या कापडाने झाकलेले असायचे, मधोमध एकच मोठा दिवा, दुपारी दारं बंद व्हायची, बिशप वर चढून एक उद्गार म्हणायचा, त्यावर बोलायचा, उतरून वेदीपुढे गुडघे टेकायचा आणि तेवढा वेळ वाद्यं वाजायची. सात संथ तुकडे, प्रत्येक साधारण दहा मिनिटांचा, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येऊ द्यायचा नाही, हे सोपं नव्हतं असं त्याने स्वतःच कबूल केलंय. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चने ही भक्ती एकोणिसाव्या शतकात उचलली, तिथून मिशनऱ्यांबरोबर ती आपल्याकडे आली, आणि मराठी मंडळ्यांमध्ये आजही गुड फ्रायडेला सात जणांना सात उद्गार वाटून दिले जातात आणि पहिल्याच्या वाट्याला क्षमा येते.

रोमन कॅथलिक विधीत गंमत वाटावी अशी गोष्ट आहे, गुड फ्रायडेला वाचतात ते फक्त योहानाचं दुःखसहन, म्हणजे येशूच्या छळाचा आणि मरणाचा भाग. म्हणजे त्या दिवशीच्या अधिकृत वाचनात क्षमेची ओळ नाहीच, आणि "माझा त्याग का केलास" पण नाही. १९५५च्या सुधारणेने हा विधी सकाळवरून दुपारी तीनच्या सुमाराला आणला तेव्हा तीन तासांच्या भक्तीची जागा बऱ्याच ठिकाणी गेली, आणि लूकचा पहिला उद्गार त्या दिवशी ऐकू येणं आणखी कमी झालं.

आणि ज्या विधीत ही ओळ नव्हती त्याच विधीत यहुद्यांसाठीची ती जुनी प्रार्थना होती. तिच्यात त्यांना अविश्वासू म्हटलेलं होतं, आणि बाकी सगळ्या प्रार्थनांना गुडघे टेकायचे पण या एकीला नाही. खरं तर १५६६च्या रोमन धर्मशिक्षणाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष यहुद्यांपेक्षा जाणूनबुजून पाप करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा जास्त, कारण त्यांना माहीत नव्हतं आणि आपल्याला माहीत आहे. म्हणजे "त्यांना समजत नाही" चा खरा अर्थ कागदावर होताच, वेदीपुढे तो पोचला नाही. गुडघे टेकणं १९५५च्या सुधारणेत आलं, तो अपमानकारक शब्द १९५९ला पोपने काढला. २८ ऑक्टोबर १९६५ला दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) २,२२१ विरुद्ध ८८ मतांनी ठरवलं की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहुद्यांवर सरसकट आणि आजच्या यहुद्यांवर अजिबात टाकता येणार नाही. मधे युरोपात यहुद्यांचा जो नरसंहार होऊन गेला होता तो सगळ्यांना माहीत आहे, त्याच्याशिवाय हे मतदान झालंच नसतं असं मला वाटतं. १९७०मध्ये प्रार्थना पूर्ण नव्याने लिहिली गेली, देवाचं वचन ज्यांनी आधी ऐकलं ते त्याच्या करारात विश्वासू राहोत अशी. २००८ला जुन्या लॅटिन विधीसाठी वेगळी प्रार्थना दिली गेली, तिच्यात यहुद्यांनी ख्रिस्ताला ओळखावं अशी मागणी आहे, त्यावर यहुदी संघटनांनी उघड नाराजी दाखवली आणि तो वाद पुरता मिटलेला नाही.

क्षमेची ओळ विधीत येते ती झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, तीही तीन वर्षांतून एकदाच, कारण मत्तय, मार्क आणि लूक आळीपाळीने वाचले जातात. २०२५ला लूकचं वर्ष होतं. वाचणारा कंस मोठ्याने वाचत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला तो कळतही नाही. लूकची पाळी आता २०२८ला आहे, ज्यांच्या मंडळीत गुड फ्रायडेला सात उद्गार होतात त्यांना तेवढं थांबावं लागणार नाही.