कातळाच्या पोटातलं होकायंत्र

परवा सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच निरोप आला: उत्तरेकडे डोकं करून झोपू नका, पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह ओढतं. ते लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, खिळ्यासारखं चुंबकाला चिकटत नाही, हे मी सांगितलं. कोणी ऐकलं नाही. मला गंमत वाटते ती वेगळीच. होकायंत्राची उत्तर कायम उत्तरेला नव्हतीच! पुरावा हवा तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढा.

घाटातले काळे कडे म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचलेले लाव्हाचे थर. लाव्हा बाहेर पडला तेव्हा ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला. थिजताना त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण तयार झाले. मॅग्नेटाइट चुंबकीय खरं, पण ५८० अंशांच्या वर नाही. तिथे अणूंचे चिमुकले चुंबक उष्णतेने वाटेल तिकडे तोंड करून नाचत असतात. थर त्याखाली निवला की ते रांगेत उभे राहू लागतात, आणि रांगेचं तोंड कुठे, हे त्या घडीचं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ठरवतं. इथे बरेच जण घोटाळतात. कण स्वतः वळत नाही, दगड तोवर घट्ट झालेला असतो. वळतं ते कणाच्या आतलं चुंबकत्व. आणखी थोडा निवला की तेही गोठतं. मग बाहेर क्षेत्र कितीही बदलो.

हे वाचायचं तर दगडातून अंगठ्याएवढा दंडगोल कापतात, त्याआधी त्यावर दिशा आखून. ती होकायंत्राने घ्यावी तर बसाल्टच (म्हणजे हाच लाव्हाचा काळा दगड) काटा भरकटवतो, म्हणून सूर्याच्या सावलीवरूनही ताडून पाहतात. मग बाहेरचं क्षेत्र अडवलेल्या भट्टीत टप्प्याटप्प्याने तापवतात. नंतरच्या काळात वर चढलेलं चुंबकत्व बहुधा आधी गळतं, मूळचं शेवटी उरतं.

आंबेनळीतल्या खालच्या थरांत हे उरलेलं उत्तर टोक आग्नेयेकडे, म्हणजे ढोबळमानाने दक्षिणेकडे निघतं. माथ्याजवळ ते उलटून वायव्येकडे जातं. मधे पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पालटले होते. (शेवटचं पालटणं सुमारे ७.८ लाख वर्षांपूर्वीचं.) नीट उत्तर नाही, वायव्य, कारण भारत सरकताना घड्याळाच्या उलट थोडा वळलाही.

आता मोकळ्या टांगलेल्या चुंबकीय सुईचा झुकाव. तिचं उत्तर टोक आज उत्तर गोलार्धात जमिनीकडे झुकतं, दक्षिण गोलार्धात आकाशाकडे. माथ्याच्या थरांत ते आकाशाकडे आहे, सुमारे ४५ अंश. झुकाव अक्षांशावर ठरतो: झुकावाचा टॅन (त्रिकोणमितीतलं गुणोत्तर) म्हणजे अक्षांशाच्या टॅनची दुप्पट. टॅन ४५ म्हणजे १, म्हणून अक्षांशाचा टॅन अर्धा, आणि अक्षांश साधारण २७ दक्षिण. महाबळेश्वर आज १८ उत्तरेवर आहे. फरक ४५ अंशांचा, म्हणजे जवळपास ५००० किलोमीटर.

१९५६ मध्ये क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या संशोधकांनी दख्खनच्या दगडांवरची अशी मोजमापं छापली, तेव्हा खंड सरकतात हे बहुतेक भूशास्त्रज्ञांना पटत नव्हतं.

ग्रुपवर मी विचारलं, आंबेनळीच्या खालच्या थरांच्या काळात डोकं कुठे करायचं? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर लगेच आलं: पूर्वेला.