मताचा हक्क आयता मिळाला?

‘भारतीय स्त्रियांना मताधिकार मागावाच लागला नाही, स्वातंत्र्यासोबत आयता मिळाला,’ हा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, कारण राज्यघटनेने तो सगळ्या प्रौढांना एकदमच दिला.

मागणी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. डिसेंबर १९१७मध्ये मद्रासला स्त्रियांचं शिष्टमंडळ भारतमंत्र्यांना, म्हणजे भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांना भेटलं आणि त्यांनी मताधिकार मागितला. ब्रिटिश सरकारच्या १९१९च्या राज्यकारभारातल्या सुधारणांनी तो दिला नाही, निर्णय प्रांतांवर सोडला. १९२१मध्ये मद्रास आणि मुंबई प्रांतांनी स्त्रियांच्या मतदानावरची बंदी उठवली, पण मालमत्तेची अट कायम ठेवून. म्हणजे गरीब बाईला दार बंदच, आणि मला हेच सर्वांत बोचतं.

पडताळायचं असेल तर मोठ्या ग्रंथालयात मुंबई विधिमंडळाचं १९२१चं कामकाज चाळा.