समुद्रकिनारी सुट्टी : ही ओढ आली कुठून?

समुद्रकिनारी सुट्टीला का जायचं, असं कुणालाही विचारा. निळं पाणी, वाळू, खारा वारा, मावळता सूर्य, हीच उत्तरं मिळतात, आणि ती इतकी सहज येतात की ही ओढ माणसाच्या रक्तातच असावी असं वाटतं. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपात यातलं एकही उत्तर तुम्हाला मिळालं नसतं. तिथे समुद्र म्हणजे फुटलेली गलबतं, चाचे, उधाण आणि कुजक्या मासळीचा वास. किनाऱ्यावर राहायचं ते पोटासाठी. मच्छीमारांच्या घरांची पाठ बहुतेकदा पाण्याकडे असे, कारण तिकडून येणारा वारा घरात घ्यायचा नसे. आज हॉटेलात ज्या दिशेच्या खिडकीसाठी जादा पैसे मोजले जातात, त्याच दिशेला तेव्हा भिंत होती.

हा बदल कसा घडला, ते समजून घेतल्याशिवाय कुठल्याही किनाऱ्याचं आकर्षण नीट कळत नाही, असं मला वाटतं. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत काय पाहायचं याची यादी असते. ते पाहावंसं कधीपासून वाटायला लागलं, हे त्यात नसतं.

प्राचीन रोमनांना ही हौस होती. नेपल्सजवळच्या बाय्ये या गावी श्रीमंतांचे प्रासाद आणि गरम पाण्याची कुंडं होती. तिथल्या चैनीवर तत्त्वज्ञ सेनेकाने कडक टीका केलेली आहे. पुढे साम्राज्य गेलं, जमीनही खचली, आणि त्या गावाचा मोठा भाग आज पाण्याखाली आहे. त्यानंतर युरोपात समुद्राकाठची विश्रांती शेकडो वर्षं जवळजवळ विसरली गेली.

ती परत आली वैद्यकाच्या हातून. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर स्कार्बरो इथे सतराव्या शतकात कड्याच्या पायथ्याशी खनिजयुक्त पाण्याचा झरा सापडला. ते पाणी औषधी म्हणून प्यायला लोक येऊ लागले आणि समोर समुद्र असल्यामुळे त्यातही उतरू लागले. पण या उपचाराला खरी प्रतिष्ठा दिली डॉ. रिचर्ड रसेल यांनी. गंडमाळेसारख्या ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचं पाणी गुणकारी आहे, असं सांगणारा लॅटिन प्रबंध त्यांनी १७५० मध्ये प्रसिद्ध केला. त्या पाण्यात नुसतं स्नान करायचं नव्हतं, ते प्यायचंही होतं. काही रोगी ते दुधात मिसळून घशाखाली उतरवत. रसेल यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ब्रायटनला ऐन किनाऱ्यावर मोठं घर बांधलं आणि रोगी तिथे येऊन राहू लागले.

ब्रायटनच का? इथे इतिहासाचा एक भाग सहसा सांगायचा राहून जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हे मच्छीमारांचं गाव पार मोडकळीला आलं होतं. १७०३ आणि १७०५ च्या वादळांनी किनाऱ्यालगतची वस्ती उद्ध्वस्त केली होती, मासेमारीही उतरणीला लागली होती. लोकांना कमाई हवी होती आणि राहायला खोल्या स्वस्तात मिळत होत्या. लंडनहून यायला हा किनारा त्यातल्या त्यात जवळ. म्हणजे डॉक्टरांचा सल्ला, गावाची गरिबी आणि राजधानीचं अंतर या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ब्रायटन घडलं. पुढे जगभरच्या कितीतरी किनाऱ्यांवर असंच झालेलं दिसतं. निसर्ग सगळीकडेच होता, पण पर्यटन रुजलं ते जुना धंदा बसलेल्या आणि पोहोचायला सोप्या ठिकाणी.

त्या काळचं समुद्रस्नान ही मौज नव्हती. पाणी जितकं थंड तितका गुण जास्त, अशी समजूत असल्यामुळे थंडीतली सकाळ उत्तम मानली जाई. चाकांवरची लाकडी खोली घोड्याने पाण्यात ओढून न्यायची, रोग्याने आत कपडे बदलायचे, मग समुद्राच्या बाजूच्या पायऱ्या उतरायच्या. खाली कमरेइतक्या पाण्यात धट्ट्याकट्ट्या बायका उभ्या असत. त्या रोग्याला धरून लाटेखाली बुडवत. या बायका त्याच गावच्या, बहुधा मच्छीमार घरांतल्या. ब्रायटनची मार्था गन ही त्यांपैकी एक, आणि तिचं नाव इतिहासात टिकलं आहे. पर्यटनाच्या इतिहासात राजे-रजवाड्यांवर पानंच्या पानं असतात. पण जिथे नवरा-मुलगा होडीवर जात होता तिथेच आपल्या दंडांच्या जोरावर नवा धंदा उभा करणाऱ्या या बायकांनी किनाऱ्याचं अर्थकारण बदललं. त्यांना याहून मोठी जागा मिळायला हवी.

राजेही आलेच. १७८३ मध्ये इंग्लंडचा युवराज जॉर्ज पहिल्यांदा ब्रायटनला आला आणि तिथलाच झाला. घुमटांचा त्याचा रॉयल पॅव्हिलियन आजही शहराची ओळख आहे. त्याचे वडील, तिसरे जॉर्ज, १७८९ मध्ये त्याच दक्षिण किनाऱ्यावरच्या वेमथला गेले. राजाने डोकं पाण्याखाली घातलं की शेजारच्या लाकडी खोलीतल्या वादकांनी राजगीत वाजवायचं, असा थाट होता. १७९३ मध्ये जर्मनीत बाल्टिक किनाऱ्यावर हायलिगेनडाम वसलं, तेही डॉक्टरच्या सल्ल्याने आणि तिथल्या ड्यूकच्या आश्रयाने. इकडे इंग्लंडमध्ये गरिबांसाठी मार्गेट या किनारी गावी १७९१ मध्ये समुद्रस्नानाच्या रुग्णालयाची स्थापना झाली. राजा जिथे जातो तिथे दरबारी जातात, दरबाऱ्यांपाठोपाठ व्यापारी. औषधाचं निमित्त हळूहळू मागे पडलं आणि नाचगाणी, जुगार, सोयरिकी पुढे आल्या.

याच सुमाराला समुद्राकडे पाहण्याची नजरही बदलत होती. वादळ, कडे, अथांग क्षितिज यांची भीती वाटते आणि त्या भीतीतच एक भव्यता आहे, असं कवी-चित्रकार सांगू लागले. टर्नरने मार्गेटचं आकाश पुन्हा पुन्हा रंगवलं. जर्मनीत फ्रीडरिखने र‍्यूगन बेटाचे खडूचे कडे चित्रात आणले. सूर्यास्त पाहायला मुद्दाम थांबायचं, ही सवय याच पिढ्यांची देणगी.

तरीही हे सगळं मूठभरांपुरतं होतं. सामान्य माणूस किनाऱ्यावर पोहोचला तो रेल्वेने. लंडन ते ब्रायटन लोहमार्ग १८४१ मध्ये पूर्ण झाला, वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये आली. पण रेल्वेइतकीच महत्त्वाची होती ती रजा. लँकेशायरच्या गिरणगावांत उन्हाळ्यात आठवडाभर सगळ्या गिरण्या एकदम बंद राहात. गावंच्या गावं त्या आठवड्यात ब्लॅकपूलला लोटत. ही रजा बिनपगारी असे, म्हणून कामगार वर्षभर थोडे थोडे पैसे साठवत. खाणावळवाल्या बाईकडे खोली घ्यायची, शिधा आपला आणायचा, ती शिजवून देणार. १८७१ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बँकांना ठराविक सुट्ट्या मिळाल्या आणि त्यात ऑगस्टमधला सोमवार आला. समुद्र आधीपासून होताच, मोकळा दिवस नव्हता. माझ्या मते किनाऱ्याच्या पर्यटनाच्या इतिहासातला सगळ्यात निर्णायक धागा हाच आहे.

एवढी माणसं आल्यावर त्यांच्यासाठी करमणूक हवी. होड्यांना लागण्यासाठी बांधलेले धक्के फिरायच्या जागा झाले. वाइट बेटावरचा राइडचा धक्का १८१४ चा आहे. साउथएंडचा तर दोन किलोमीटरहून लांब आहे. पोहता न येणाऱ्यालाही कोरड्या पायांनी समुद्राच्या मधोमध उभं राहता आलं, ही त्या धक्क्यांची जादू. ब्लॅकपूलमध्ये १८७९ मध्ये किनाऱ्यावरच्या रस्त्यावर विजेचे दिवे लागले आणि १८९४ मध्ये मनोरा उभा राहिला. दिवे पाहायला, पाळण्यात बसायला, गर्दीत मिसळायला लोक येऊ लागले. समुद्र तिथे अर्धाअधिक निमित्तापुरता होता, आणि त्यात काही कमीपणा आहे असं मला वाटत नाही. वर्षभर गिरणीच्या आवाजात उभं राहणाऱ्याला एक आठवडा बेफिकीर गर्दी हवीशी वाटली, तर तो त्याचा हक्कच होता.

हवेचाही गाजावाजा झाला. समुद्राच्या हवेत ओझोन असतो आणि तो फुप्फुसांना बरा, अशी जाहिरात एकोणिसाव्या शतकात सर्रास चाले. प्रत्यक्षात किनाऱ्यावरचा तो ओळखीचा वास मुख्यतः समुद्री शैवाल आणि जिवाणू यांच्यापासून निघणाऱ्या डायमिथाइल सल्फाइड या वायूचा. ओझोनशी त्याचा संबंध नाही.

आणि ऊन? ते तर फार उशिरा आलं. फ्रान्सचं नीस हे आज उन्हाळ्याचं ठिकाण मानलं जातं, पण एकोणिसाव्या शतकात ते हिवाळ्याचं होतं. थंड देशांतले श्रीमंत आणि क्षयरोगी थंडीचे महिने काढायला तिथे येत आणि उन्हाळा लागायच्या आत परतत. मग हॉटेलं बंद होत. तिथला प्रसिद्ध सागरपथ, प्रोमेनाद देझांग्ले, १८२० च्या दशकात तिथे राहणाऱ्या इंग्रजांच्या वर्गणीतून झाला. कडाक्याच्या थंडीने काम गेलेल्या गरिबांना रोजगार मिळावा, हा त्यामागचा हेतू. त्या वाटेवरून चालणाऱ्या बायकांच्या हातात छत्री असे, कारण रापलेली कातडी ही शेतात राबणाऱ्याची खूण होती.

विसाव्या शतकात हे चित्र उलटं झालं. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांना प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार केल्याबद्दल १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांनी गुण येतो, हेही सिद्ध झालं. ऊन औषध ठरलं. दुसरीकडे कष्टकरी वर्ग शेतातून कारखान्यांत आणि खाणींत गेला होता. त्याची कातडी आता पांढुरकी होती, आणि रापलेला रंग हा ज्याच्यापाशी मोकळा वेळ आहे त्याची खूण झाला. याचं श्रेय फॅशनच्या दुनियेतल्या कोको शनेल यांना देण्याची पद्धत आहे. मला ते अपुरं वाटतं. कारखाने नसते, तर एका बाईच्या रापलेल्या चेहऱ्याने एवढी उलथापालथ झाली नसती. १९२३ मध्ये अँटिब इथलं ओतेल द्यू काप हे हॉटेल उन्हाळ्यातही उघडं राहिलं आणि फ्रान्सच्या त्या किनाऱ्याचा हंगामच हळूहळू बदलला. ऊन पुढे त्वचेच्या कर्करोगालाही कारण ठरतं, हे कळेपर्यंत वाळूत आडवं पडणं ही सुट्टीची सर्वमान्य रीत होऊन बसली होती.

१९३६ मध्ये फ्रान्समध्ये लेओं ब्लूम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, सोबत रेल्वेची सवलतीची तिकिटं. अनेक कुटुंबांनी त्या उन्हाळ्यात समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. ब्रिटनमध्ये पगारी रजेचा कायदा १९३८ चा. युद्ध संपल्यावर विमानं आली. १९५० मध्ये व्लादिमिर राइट्झ यांनी लंडनहून कॉर्सिका बेटावर विमानप्रवास, तंबूतला मुक्काम आणि जेवण एकाच रकमेत देणारी सहल सुरू केली. याच पद्धतीवर पुढे भूमध्य समुद्राचा सगळा किनारा उभा राहिला. स्पेनमधलं बेनिडॉर्म हे मच्छीमारांचं लहान गाव. तिथले महापौर पेद्रो सारागोसा यांनी १९५६ च्या नगररचना आराखड्याने गावाचं भवितव्य पर्यटनाला जोडलं. बिकिनीला परवानगी दिली म्हणून चर्च खवळलं, तेव्हा ते स्कूटरवरून थेट माद्रिदला हुकूमशहा फ्रँकोंना भेटायला गेले, अशी हकिगत तिथे सांगितली जाते. स्पेनला १९६० मध्ये सुमारे साठ लाख परदेशी पाहुणे आले होते, १९७३ पर्यंत हा आकडा तीन कोटींच्या वर गेला. आता उत्तरेकडच्या पर्यटकाला हवं होतं ते हमखास ऊन, आणि ब्लॅकपूल ते देऊ शकत नव्हतं. तिथल्या खाणावळींच्या उतरणीचं हे मोठं कारण.

पुढची पायरी म्हणजे ठरवून उभारलेली किनारी शहरं. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने परकीय चलन मिळवण्यासाठी जागा शोधल्या आणि जवळजवळ निर्मनुष्य असलेल्या कानकूनचं बांधकाम १९७० मध्ये सुरू झालं. मालदीवमध्ये पहिलं रिसॉर्ट १९७२ चं. तिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट, ही रचना रुळली आणि एकांत हीच विकण्याची वस्तू झाली. ब्लॅकपूलने गर्दी विकली होती, मालदीवने तिचा अभाव विकला, आणि दोन्हींना गिऱ्हाईक मिळालं!

पाण्यात काय करायचं, याची उत्तरंही बदलत गेली. सिडनीकडच्या किनाऱ्यांवर दिवसाउजेडी समुद्रस्नानाला विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बंदी होती. १९०७ मध्ये बाँडायला जीवरक्षकांचं मंडळ निघालं. लाटांवर फळीने स्वार होणं ही हवाईच्या लोकांची जुनी विद्या. ऑलिंपिक विजेता जलतरणपटू ड्यूक कहानामोकू याने ती जगासमोर नेली. १९४३ मध्ये फ्रान्सच्या कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखाली श्वास घेण्याचं सुटसुटीत उपकरण बनवलं आणि प्रवाळ पाहणं हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. यामुळे वाळू नसलेल्या, खडकाळ किनाऱ्यांनाही भाव आला.

या सगळ्याची किंमत किनाऱ्यानेच मोजली. वाळू ही स्थिर वस्तू नाही, ती लाटांबरोबर सरकत असते. तिच्यावर भिंती आणि इमारती चढवल्या की ती परत येत नाही. मायामी बीचला १९७० च्या दशकाच्या अखेरीस समुद्रतळातून वाळू उपसून पुळण नव्याने भरावी लागली. फिलिपिन्सचं बोराकाय बेट सांडपाणी थेट समुद्रात गेल्यामुळे इतकं बिघडलं, की सरकारने २०१८ मध्ये ते सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवलं. त्याच वर्षी थायलंडने, एका हॉलिवूड चित्रपटामुळे जगप्रसिद्ध झालेला माया उपसागर बंद केला. तो २०२२ च्या जानेवारीत उघडला. मधल्या काळात प्रवाळाची लागवड झाली आणि काळ्या टोकाच्या परांचे शार्क मासे परत दिसू लागले. आता होड्यांना उपसागरात शिरू देत नाहीत, बेटाच्या मागच्या बाजूने उतरून चालत यावं लागतं.

बोराकायला पुन्हा सुरुवात करताना एका वेळी बेटावर जास्तीत जास्त १९,२१५ पर्यटक असावेत, अशी मर्यादा ठरली आणि किनाऱ्यालगतची बांधकामं मागे हटवली गेली. मर्यादा घालणं योग्यच होतं. पण बंदच्या त्या सहा महिन्यांत होडीवाले, स्वयंपाकी, खोल्या झाडणाऱ्या बायका यांची कमाई थांबली होती, आणि बेट बंद करायचं की नाही, हे ठरवताना त्यांचा शब्द शेवटचा नव्हता.