वाघ नको, वेल दाखवा जी

चिमूर तालुक्यातल्या आमच्या गावात मी संध्याकाळी आठवी-नववीच्या पोट्ट्यांचा इंग्रजीचा क्लास घेतो. ग्रामरचं पुस्तक काढलं की निम्मे पेंगतात, म्हणून लॅपटॉपवर डेव्हिड ॲटनबरो या इंग्रज निवेदकाचे प्राणी-झाडांवरचे कार्यक्रम लावायला लागलो. माणूस सावकाश बोलतो, वाक्यं छोटी, आणि आधी प्राणी काय करतो ते पाहू देतो मग तोंड उघडतो, त्यामुळे क्रियापद कानावर पडायच्या आत त्याचा अर्थ डोळ्यांना कळलेला असतो.

मला वाटलं वाघ पाहून पोरं खूश होतील. कसलं काय! ताडोबा इथून जवळ, "वाघ तं आमच्या वावरातच येते जी, त्याचं काय पाहाचं" म्हणून मोकळे झाले. सगळे पुढे सरकले ते झाडांसाठी. १९९५ ची त्याची 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ प्लांट्स' मालिका आहे, त्यात ब्रॅम्बल नावाच्या काटेरी झुडपाच्या फांद्या हात मारत मारत पुढे सरकतात, पाहून अंगावर काटा येतो. एक पोट्टा लगेच म्हणाला, "सर, हे एआय हाय."

१९९५ मध्ये कुठचं एआय बाप्पा!

हा माणूस १९२६ चा. १९५२ मध्ये बीबीसीत लागला तेव्हा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. १९५४ पासून 'झू क्वेस्ट' ही प्राण्यांची मालिका, पुढे बीबीसी टूचा प्रमुख झाला, १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये रंगीत टीव्ही सुरू झाला तो त्याच चॅनेलवर. मग साहेबाची खुर्ची सोडून परत जंगलात, १९७९ ला 'लाइफ ऑन अर्थ', आणि 'ब्लू प्लॅनेट टू' आली तेव्हा वय ९१. ('गांधी' पिक्चर काढणारे रिचर्ड ॲटनबरो ते याचे मोठे भाऊ, हे पोरांना सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना.)

तर ते झाड खरंच हलतं, फक्त आपल्याला तेवढा धीर नाही. सांदवाडीतला वालाचा वेल घ्या. त्याचा शेंडा सरळ वर जात नाही, हवेत गोल फिरतो, आंधळ्या कोशिंबिरीत डोळे बांधलेलं पोरगं हात फिरवते तसा, आणि एका घेऱ्याला साधारण दोन तास लागतात. देठाच्या एका बाजूच्या पेशी पाणी ओढून जास्त ताणल्या की शेंडा उलट्या बाजूला झुकतो, मग पाळी शेजारच्या पेशींची, मग त्यांच्या शेजारच्या, असं ते ताणणं देठाभोवती फिरत राहतं. आता दर दोन मिनिटांनी एक फोटो काढा. दोन तासात ६० फोटो. टीव्हीवर सेकंदाला २५ चित्रं पळतात, म्हणजे तो दोन तासांचा घेरा जवळपास अडीच सेकंदात संपला! टाइमलॅप्स म्हणतात ते हेच, बाकी जादू काही नाही. अट एकच, उजेड प्रत्येक फोटोत सारखा पाहिजे, नाहीतर चित्र लुकलुकते.

दोडक्याची, कारल्याची गंमत याच्याही पुढची. त्यांचा बारीक धागा, टेंड्रिल, तुराटीला लागला की लागलेल्या बाजूची वाढ मंदावते, मागची बाजू भराभर वाढते, म्हणून धागा आत वळून तुराटीला विळखा घालतो. मग मधल्या भागाची स्प्रिंग होते आणि वेल मांडवाकडे ओढला जातो. पण त्या धाग्याची दोन्ही टोकं आता बांधलेली, एक वेलाला एक तुराटीला, टोक फिरवून पीळ सोडायला जागाच नाही. म्हणून अर्धी स्प्रिंग उजवीकडे वळते, अर्धी डावीकडे, मध्ये छोटासा सरळ तुकडा, आणि एकूण पिळांची बेरीज शून्य. नाही पटत तर सुतळीची दोन्ही टोकं पक्की बांधून मधोमध पीळ द्या, दोन बाजूंना उलटसुलट पीळ पडलेले दिसतात. डार्विनही आजारपणात खोलीतल्या वेली पाहत बसायचा, त्याचं वेलींवरचं लिखाण १८६५ चं आहे.

व्हॉट्सॲपवर फिरते तसं वेलीला डोकं आहे, ती विचार करते, असलं यात काही नाही, पेशींची वाढ आहे. आणि बारक्या दोडक्याकडे बोट दाखवलं की तो सडते, हे आमच्याकडे म्हातारी माणसं अजून सांगतात. बोटानं काही होत नाही, परागीकरण झालं नाही किंवा फळमाशीनं आत अंडी घातली की फळ सडतं.

मागच्या पावसाळ्यात पोरांनी स्वतः करून पाहिलं. जुना फोन खाटेच्या पायाला बांधला, दर दोन मिनिटांनी फोटो काढणारं ॲप टाकलं, समोर वालाचा वेल. दुपारी व्हिडिओ लावला तर शेंडा मस्त दीड घेरा फिरला, काडीच्या अगदी जवळ आला, मग एका चित्रात शेजारच्या बकरीचं तोंड, आणि पुढच्या चित्रात शेंडाच नाही. पोट्ट्यांनी तेवढाच तुकडा वीस वेळा पाहिला, वर ॲटनबरोसारखा आवाज काढून, इंग्रजीत.