ब्रेड मशीन दुरुस्तीला आणण्याआधी : उन्हाळ्यासाठी माहितीपत्रक

मार्च संपत आला की आमच्या काउंटरवर ब्रेड मशीन, म्हणजे पीठ मळून, फुगवून, भाजून देणारी घरगुती यंत्रं, यायला लागतात. कुणी भुसावळहून एसटीत मांडीवर ठेवून आणतं, कुणी चोपड्याहून, कुणी धुळ्याच्या पाहुण्यांच्या गाडीत घालून पाठवतं. तक्रार एकच : "भाऊ, पाव बसी जास." ब्रेड भराभर वर येतो, झाकणाला टेकतो आणि भाजायला लागला की मधोमध खड्डा पडतो. हिवाळ्यात हेच मशीन छान ब्रेड देत होतं, तेव्हा आता हीटर गेला असणार, असं बहुतेक जण घरूनच ठरवून येतात.

हीटर गेला असता तर ब्रेड कच्चा राहिला असता. बसलेला ब्रेड हा हीटरचा दोष नाही. अशा वेळी आम्ही स्क्रूही खोलत नाही. आमचं पीठ, आमचं गार पाणी घालून त्याच मशीनमध्ये एक ब्रेड लावतो. साडेतीन तासांनी तो नीट फुगलेला बाहेर येतो आणि चांगलं मशीन आलं तसं परत जातं. त्यांचा दिवस मोडतो, आमचं टेबल अडतं, आणि ज्याचं मशीन खरंच बिघडलंय तो रांगेत थांबतो.

घोळ पाण्यात आहे. मशीनसोबतच्या पुस्तिकेत ‘कोमट पाणी घ्या’ असं छापलेलं असतं. पुस्तिका खोटं सांगत नाही. हे घरगुती मशीन १९८०च्या दशकात जपानमध्ये बाजारात आलं, पुढे युरोप-अमेरिकेत खपलं. तिथल्या गार स्वयंपाकघरात कोमट पाणी लागतंच. आपल्याकडेही जानेवारीच्या कडाक्यात कोमटच घ्या. पण एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला भिडतो, तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणाऱ्या पाण्याखाली हात धरवत नाही. ते पाणी ‘कोमटच तर आहे’ म्हणून थेट भांड्यात जातं. काही जण तर पुस्तिकेचा मान राखायला ते आणखी गरम करून घेतात!

मळून झालेल्या पिठाचं तापमान २४ ते २७ अंशांच्या आसपास असलं की यीस्ट बेतानं काम करतं. पस्तीसच्या पुढे गेलं की ते सुसाट सुटतं. इकडे मशीन चालतं घड्याळावर. पीठ किती फुगलं हे त्याला दिसत नाही. दीड तास फुगवायचं असं त्याला सांगितलेलं असतं, तेवढा वेळ ते थांबतंच. तुमचं पीठ पाऊण तासातच पूर्ण फुगलेलं असतं. उरलेल्या वेळात पिठातल्या हवेच्या बुडबुड्यांचे पडदे ताणून ताणून पातळ होतात आणि भाजायच्या वेळी छप्पर खाली येतं. कापल्यावर वरच्या कडेखाली मोठी पोकळी दिसते, आंबूस वास येतो. आणि पाणी साठ अंशांच्या घरात असेल, तर यीस्ट मरतंच. मग ब्रेड बसत नाही, कारण तो उठलेलाच नसतो. बाहेर येते ती वीट. म्हणून आमच्याकडे आल्यावर आम्ही आधी विचारतो, ‘फुगून बसला की फुगलाच नाही?’ या एका उत्तरावर अर्धं निदान होतं.

बेकरीवाले पाण्याचा एक ढोबळ हिशेब करतात. मळलेलं पीठ २६ अंशांवर हवं, तर २६ची तिप्पट ७८. त्यातून खोलीचं आणि कोरड्या पिठाचं तापमान वजा करायचं, उरेल तेवढ्या अंशांचं पाणी घ्यायचं. आता मेमधल्या दुपारी स्वयंपाकघर ३८, डब्यातलं पीठही ३८. वजाबाकी केली तर उरतात दोन अंश. म्हणजे जवळजवळ बर्फाचं पाणी. शिवाय मळताना पात्याच्या घर्षणानं पीठ आणखी तापतं, ते यात धरलेलंच नाही. तेच पहाटे, खोली ३० आणि पीठ ३० असताना केलं, तर उत्तर १८ येतं. हे फ्रिजमधल्या आणि माठातल्या पाण्यावर सहज भागतं.

म्हणून उन्हाळ्यात ब्रेड पहाटे लावा. दुपारी लावायचाच असेल तर मोजलेलं पीठ रात्रभर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि पाणी फ्रिजचं घ्या. बर्फाचे खडे घालणार असाल तर त्यांचं वजन पाण्यातच धरा. वरून घातले की पीठ सैल होतं आणि सैल पीठही बसतं. यीस्ट नेहमीच्या तीन चतुर्थांश पुरे. मीठ मात्र कमी करू नका. आरोग्याच्या काळजीनं काही जण ते गाळतात, पण यीस्टला लगाम घालतं ते मीठच. तुमच्या मशीनला झटपट ब्रेडचा प्रोग्राम असेल तर मे महिन्यात तोच वापरा. त्यात फुगवायचा वेळ कमी असतो. त्या प्रोग्रामला जादा यीस्ट घाला असं पुस्तिका सांगेल, आपल्या उन्हाळ्यात गरज नाही. आणि रात्री सगळं भरून सकाळचा टायमर लावायची सोय जूनच्या पहिल्या पावसापर्यंत विसरा. दूध घालून तर मुळीच नको, ते रात्रभरात नासतं.

आमचं रोजचं माप असं : मैदा ३५० ग्रॅम, पाणी २२० मिली, तेल १५ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, मीठ ६ ग्रॅम, झटपट विरघळणारं कोरडं यीस्ट ४ ग्रॅम (उन्हाळ्यात ३). शेंगदाण्याचं तेल चालतं, घरच्या घाण्याचं असेल तर वास ब्रेडला उतरतो, आम्हाला तो आवडतो. चक्कीवरून दळून आणलेलं गव्हाचं पीठ वापरलंत तर पाणी वीस-तीस मिली जास्त लागेल आणि ब्रेड मैद्याएवढा उंच होणार नाही. निम्मं-निम्मं करून बघा. मळायला लागून दहा मिनिटं झाली की झाकण उघडून एकदा गोळा पाहा, तेव्हा उघडलं तर काही बिघडत नाही. गोळा भांड्याच्या कडा सोडत असेल आणि बोटाला किंचित चिकटत असेल तर ठीक. फुगायला लागल्यावर मात्र डोकावू नका.

ज्वारी, बाजरी, कळण्याचं (ज्वारी-उडीद एकत्र दळलेलं) पीठ घालू का, असं दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. खापरावरचे मांडे करणाऱ्या घरात याचं उत्तर माहीत असतं. मांड्याचं पीठ हातावर ताणलं तरी फाटत नाही, कारण ते गव्हाचं असतं. ज्वारीचं पीठ कितीही मळलं तरी तसं ताणत नाही आणि ताणलं नाही तर हवा धरून ठेवणार कोण? मैद्यात पाचवा हिस्सा ज्वारी खपते, चवही छान येते. कळण्याची भाकरी मात्र तव्यावरच करा, भरताबरोबर तीच शोभते. केळीचा ब्रेड करायला आमची ना नाही, रावेर-यावलच्या ग्राहकांकडे कच्च्या मालाची काय कमी! फक्त केळं म्हणजे तीन चतुर्थांश पाणीच. १०० ग्रॅम गर घातला तर पाणी ७० मिलीनं कमी करा.

लाइट गेली तर : बरीच मशीन काही मिनिटं प्रोग्राम लक्षात ठेवतात, तुमचं किती ठेवतं ते पुस्तिकेत असतं. त्याहून जास्त वेळ गेली तर पीठ काढून कढईत किंवा कुकरमध्ये भाजा, फेकू नका. पातं ब्रेडमध्ये अडकलं तर सुरी, उलथनं घालू नका, पात्याचा लेप निघतो. पातं भांड्यातच चिकटून बसलं असेल तर आत गरम पाणी घालून पंधरा मिनिटं ठेवा, सुटतं. भांडं बुडवून घासू नका, खालच्या दांड्याचं सील जातं. मशीन शेगडीजवळ किंवा कूलरच्या झोतात ठेवू नका.

आता थोडं आमच्याबद्दल. ‘मशीन चांगलं निघालं तरी तपासणीचे दीडशे रुपये का घेता?’ असं विचारलं जातं. त्यात एका ब्रेडचं सामान, साडेतीन तासांची वीज आणि तेवढा वेळ अडलेलं टेबल आहे. तो ब्रेड तुम्हीच घरी नेता. खरंच बिघाड निघाला तर हे पैसे दुरुस्तीच्या बिलातून वजा होतात. नव्या मशीनबरोबर आम्ही वजनकाटा देतो आणि ‘काटा नको, तेवढे पैसे कमी करा’ याला तयार होत नाही. वाटीनं मोजलेला मैदा दाबून भरला की सैल, यावर पंचवीस-तीस ग्रॅमचा फरक पडतो, आणि तो फरक फिरून आमच्याच काउंटरवर येतो.

यीस्ट आम्ही फ्रिजमध्ये ठेवतो आणि छोट्या पुड्यांत विकतो. किराणा दुकानातल्या मोठ्या पाकिटापेक्षा ते महाग पडतं, हे खरं. पण फोडलेलं मोठं पाकीट ओट्यावरच्या डब्यात मे महिना काढत नाही. मोठं घेतलंच असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. शंका आली तर अर्धी वाटी साध्या पाण्यात चिमूटभर साखर आणि चमचाभर यीस्ट टाका. दहा-पंधरा मिनिटांत फेस आला नाही तर ते यीस्ट टाकून द्या. आमच्याकडे ३५० ग्रॅम मैद्याची वजन करून बांधलेली पाकिटंही मिळतात, मीठ-साखर आत घातलेली. नुसतं गार पाणी, तेल आणि यीस्ट घालायचं. नव्या ग्राहकांनी पहिले दोन ब्रेड त्यातून करावेत, म्हणजे चूक मापाची की मशीनची ते लगेच कळतं.

एवढं करूनही ब्रेड बसलाच, तर मशीन आणण्याआधी मधोमध कापलेल्या तुकड्याचा फोटो आणि पाणी कुठलं घेतलं ते पाठवा. फोटोवरून बरंच कळतं आणि त्याचे पैसे नाहीत. पातं फिरत नसेल, जळका वास येत असेल किंवा भांड्याखालून पाणी गळत असेल तर मात्र थेट घेऊन या. येताना भांडं आणि पातं दोन्ही आठवणीनं आणा. पात्याशिवाय आलेलं मशीन आम्हाला चालवून बघता येत नाही.